बाबा, बादली आणि खिशातला कॉम्प्युटर

आमच्या घरात एक कॉम्प्युटर होता आणि तो माझ्या शर्टाच्या खिशात राहायचा.

टेबलावर येणाऱ्या-जाणाऱ्याला जे दिसायचं ते नुसतं खोकं. त्याची हार्ड डिस्क एका मे महिन्यात गेली. (नागपूरच्या मे महिन्यात प्रत्येक घरातलं काही ना काही जातंच. शेजाऱ्यांचा कूलर गेला, आमची हार्ड डिस्क.) दुकानदार म्हणाला, "भाऊ, नवीन टाकून घ्या." आता मला कोणी 'नवीन टाकून घ्या' म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. नवीन काय, कोणीही घेतं! त्यात डोकं कुठे लागतं? मी घरी आलो, मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला आणि मला साक्षात्कार झाला. ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे कॉम्प्युटरला उठवून कामाला लावणारा जो मुकादम असतो तो, हार्ड डिस्कवरच राहिला पाहिजे असं काही नाही! फुकटात मिळणारी एक सिस्टिम उतरवून घ्यायची, पेन ड्राइव्हवर चढवायची आणि पेन ड्राइव्ह खोक्याला खुपसायचा. झालं!

आणि खरंच झालं हो! स्क्रीनवर निळं आकाश उगवलं तेव्हा मी घरभर ओरडत फिरलो. वर्षा, म्हणजे माझी बायको, कणकेचे हात घेऊन बाहेर आली.

"या एवढ्याशामंधी कॉम्प्युटर आहे?"

"अख्खा!"

"मंग ते खोकं कबाडीले देऊन टाकू काय? जागा अडवून राहिलं."

"खोकं लागते."

"मंग अख्खा कसा झाला तो?"

बायकोच्या असल्या प्रश्नांना मी उत्तर देत नाही. माझा दर्जा वेगळा आहे. मी धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात रेकॉर्ड विभागाचा मुख्य आहे. गडचिरोलीपासून बुलढाण्यापर्यंतच्या लोकांचे एक्स-रे, रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड माझ्या कपाटांत आहेत. कोणा आजोबांचा जुन्यातला जुना मोडलेला खुबा मागा, चहा संपायच्या आत काढून देतो. एकही कागद हरवला नाही आजवर! (हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे माझ्याच तोंडावर मारायला कामी येईल.)

शेजाऱ्यांचा लॅपटॉप मागून आणून त्यावर पेन ड्राइव्ह तयार करताना आई बाजूला बसली होती. स्क्रीनवर आलं, फॉरमॅट करायचा का? आईने विचारलं, "फॉरमॅट म्हंजे का गा?"

"म्हणजे आतलं सारं पुसून कोरं करायचं. जे कामाचं नाही ते उडवून टाकायचं."

हा शब्द आईला फारच आवडला. दुसऱ्या दिवशी वर्षाची वांग्याची भाजी बुडाला लागली, तर आई कढईत डोकावून म्हणाली, "हे फॉरमॅट मार वं." उरलेली पोळी गाईला गेली, फॉरमॅट. फाटकी चादर पोछ्याला गेली, फॉरमॅट. सक्करदऱ्यातल्या आमच्या गल्लीत भाजीवाल्याच्या सडक्या टमाट्यांनाही ती "फॉरमॅट मार नं बाप्पा हे" म्हणायला लागली आणि तोही समजून बाजूला काढायला लागला.

आता बाबांकडे येतो.

माझे बाबा मौद्याला शाळामास्तर होते. सोमवार ते शनिवार एसटीने जायचे-यायचे, घरी आले की मुकाट जेवायचे. पण टेनिस बॉल क्रिकेटच्या टूर्नामेंटमध्ये त्यांच्या हाती माईक आला की तेच का हे, असं वाटायचं! तलावाजवळच्या मैदानावर त्यांची कॉमेंट्री ऐकायला मॅच न कळणाऱ्या बायासुद्धा यायच्या. "और ये उठाके मारा... बॉल चालला तलावाकडे... चालला... चालला... खेळाडू शोधून राहिले बरं का... हां, भेटला! म्हशीखाली भेटला! म्हैस मात्र नाबाद!" लाऊडस्पीकरवाला त्यांचा भक्त होता. त्याने कॅसेटी भरून दिल्या होत्या.

त्यातल्या एका फायनलच्या कॅसेटमध्ये आईचा जीव होता.

झालं असं होतं की त्या फायनलला बक्षीस द्यायला ठरलेले पाहुणे आलेच नाहीत. मंडळवाल्यांनी ऐनवेळी ठरवलं, मास्तरांच्या मिसेस समोर बसल्याच आहेत, त्यांच्याच हाताने ढाल देऊन टाका. आणि नाव पुकारायचं कोणी? माईक ज्याच्या हातात आहे त्याने! आता बाबांनी जन्मात कधी आईचं नाव घेतलं नव्हतं. 'अवं', 'ऐकलं काय', फारच झालं तर माझ्या नावाने 'सुधीरची आई'. लग्नातला उखाणासुद्धा त्यांनी खोकून टाळला होता म्हणे. त्या कॅसेटमध्ये "यांच्या हस्ते" म्हटल्यावर आवाज थांबतो. नुसती खरखर. लोक हसायला लागतात. कोणीतरी शिटी मारतो. मग बाबा खोकतात. चांगला दणकून, घसा साफ करत. आणि मग एकदम हळू, जणू लाऊडस्पीकर चालू आहे हेच विसरून, म्हणतात, "कुसुम."

बस, एवढंच. पुढे टाळ्या, गोंगाट, कॅसेट संपते.

बाबा गेल्यावर आई ती कॅसेट ऐकायची. मग टेपरेकॉर्डर रीळ गिळायला लागला. तेव्हा मी, घरचा रेकॉर्ड विभागप्रमुख, पुढे सरसावलो आणि साऱ्या कॅसेटी कॉम्प्युटरमध्ये भरल्या. हार्ड डिस्क गेली तेव्हा त्या एका पेन ड्राइव्हवर होत्या म्हणून वाचल्या. मग मी नवा मोठा पेन ड्राइव्ह आणून त्यावर सिस्टिम चढवली आणि बाबांनाही त्याच्यावरच घेतलं. सगळं एकाच जागी! जुना छोटा पेन ड्राइव्ह कोरा करून हॉस्पिटलच्या कामाला नेला, तो तिथे कोणाच्या खिशात गेला देव जाणे.

संध्याकाळचा चहा झाला की आई खुर्ची ओढून टेबलाशी बसायची.

"लाव नं गा तुह्या बाबाले."

मी बाबाला लावायचो. म्हशीपाशी ती थोडं हसायची. खोकल्यापाशी खुर्चीतल्या खुर्चीत नीट होऊन बसायची. "कुसुम" झालं की म्हणायची, "बस. बंद कर आता." आणि कप उचलून आत जायची. रोजचंच.

आमची मिताली पुण्याला नोकरी करते. तिने एकदा फोनवर विचारलं, "बाबा, आजोबांच्या रेकॉर्डिंगची दुसरीकडे कॉपी आहे ना?"

"अगं, सारं डिजिटल आहे!"

"डिजिटलची कॉपी?"

"डिजिटलला काय होते? कॅसेट खराब होते, रीळ तुटते. हे तं अमर आहे!"

आणि हे अमर आहे हे सिद्ध करायला मी त्याच आठवड्यात कॅसेटींचा डबा काढला. गल्लीत प्लास्टिकवाली आली होती. जुनं प्लास्टिक द्या, बादली घ्या! वर्षा दारात आडवी उभी राहिली. "राहू द्या नं हो त्या कॅसेटी. का खाऊन राहिल्या तुमचं?" मी म्हटलं, "कचरा जमवणं म्हणजे रेकॉर्ड ठेवणं नव्हे. मी या धंद्यातला माणूस आहे." कॅसेटी गेल्या, टेपरेकॉर्डरही गेला, आणि बदल्यात एक लालभडक बादली आली. ती बादली अजून न्हाणीघरात आहे. गळत नाही, कान तुटला नाही. फार टिकाऊ निघाली.

पावसाळा संपत आला तसा कॉम्प्युटर कुरकुर करायला लागला. चालू व्हायला इतका वेळ घ्यायचा की मी अंघोळ करून यायचो तरी निळं आकाश उगवलेलं नसायचं. कधी फाइल जतन करायला गेलं की म्हणायचा, इथे लिहिता येत नाही. मी पेन ड्राइव्ह काढायचो, त्याच्या तोंडात फुंकर मारायचो, शर्टाला पुसायचो, परत खुपसायचो. चालायचा! ही माझी दुरुस्तीची पद्धत. आईने एकदा तो हातात घेतला.

"याले ताप आला का गा? चटका बसून राहिला."

"ते गरम होतच असते आई."

"माणसाले इतकं गरम लागलं असतं तं तू डॉक्टरकडे नेलं असतं."

मी हसलो. हसलो! आज आठवलं की वाटतं, त्या हसण्याचं कुठे रेकॉर्ड सापडलं तर तेवढं पुसून टाकावं.

दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला पाटावर सारी हत्यारं मांडायची रीत. विळा, हातोडी, पाना-पेचकस, वर्षाचं शिलाई मशीन, सगळ्यांना हळद-कुंकू. मी अंगणात स्कूटर धूत होतो. (त्याच लाल बादलीने.) हात पुसत आत आलो तर पाटावर, विळा आणि हातोडीच्या मधोमध, झेंडूच्या पाकळ्यांत माझा कॉम्प्युटर बसलेला! खुंटीवरच्या शर्टातून काढलेला. अंगावर हळदीचा लेप, तोंडात कुंकू, वरून फुलाने शिंपडलेलं पाणी, आणि कोपऱ्यात दोन अक्षता.

"आई! काय केलं वं तू हे?"

"काहून? पूजा केली."

"याची?"

"तूच म्हनलं होतं नं, अख्खा कॉम्प्युटर याच्यातच आहे म्हणून. मंग पूजा खोक्याची कायले करू? अन् गरम लागून राहिलं होतं बिचारं, म्हणून जराशी हळद जास्ती लावली."

यात चूक काढायला जागा नव्हती, म्हणून मी जास्तच चिडलो. धोतराच्या फडक्याने पेन ड्राइव्ह पुसला, कान कोरायच्या काडीने तोंडातलं कुंकू काढलं, खोक्याला खुपसला आणि बटण दाबलं.

काळं. नुसतं काळं, आणि वर इंग्रजीत एक पांढरी ओळ, की चालू करण्यासारखं मला काहीच सापडत नाही.

फुंकर मारली. शर्टाला पुसला. पुढून खुपसला, मागून खुपसला. परत तीच ओळ. आई मागे उभी होती, हातात आरतीचं ताट.

"लागून नाही राहिला का गा बाबा?"

आणि मी जे बोललो ते असं. "आता कधीच नाही लागत. तू कुंकू लावून मारलं बाबाले!"

वर्षाने आतून "अहो!" केलं, पण तोपर्यंत तोंडातून गेलं होतं. आईने ताट हळूच पाटाशेजारी ठेवलं. बाबा गेल्यापासून तिने स्वतःला कुंकू लावलं नव्हतं. दर दसऱ्याला विळ्याला, हातोडीला ती लावायची, तेव्हाही बोटाला लागलेलं लगेच पुसून टाकायची. त्या दिवशी मी नीट पाहिलं तर बोट पुसलं नव्हतं. हे माझ्या लक्षात आलं, आणि तरी मी ओरडणं थांबवलं नाही, हेही आलंच.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरला लावून पाहिला. तो म्हणाला, वापरायच्या आधी हा फॉरमॅट करावा लागेल, करू का? मी घाबरून 'नाही' दाबलं. त्याने परत विचारलं. मी परत 'नाही'. आमचं असं बराच वेळ चाललं. शेवटी सीताबर्डीच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने आपल्या मशीनला लावला, भिंग लावून पाहिला.

मी म्हणालो, "कुंकू गेलं असेल ना आत?"

त्याने कडेला अजून चिकटलेला लाल रंग पाहिला आणि म्हणाला, "हां, हो सकता है."

धंतोलीत मी रोज पाहतो. पेशंट डॉक्टरकडे येतो तो आजाराचं नाव स्वतःच घेऊन. 'गॅसेसच असतील ना डॉक्टरसाहेब?' आणि बाहेर येऊन नातेवाइकांना सांगतो, डॉक्टर म्हणाले गॅसेस! मी अशा लोकांना हसायचो. त्या दिवशी दुकानातून बाहेर येऊन मी वर्षाला फोन केला, "तज्ज्ञाने सांगितलं, कुंकवानंच गेला." आतलं काही निघेल का, तर दुकानदाराने मान हलवली. चिपच बोलत नाही म्हणाला.

त्यानंतर आमच्या घरात एक नवीन रीत सुरू झाली. आई कशालाच हात लावेना. टीव्हीचा रिमोट, मिक्सर, दाराची घंटा, काही नाही. "मी लावला तं बिघडन." संध्याकाळी मी हॉस्पिटलातून यायचो तर आई अंधारात बसलेली. बटण हाताच्या अंतरावर, पण दाबायची नाही.

"आई, लाइट तं लावायचा."

"तू आला नं आता. लाव."

ऑक्टोबरच्या उकाड्यात पंखासुद्धा वर्षा घरी येईपर्यंत बंद. वर्षाने सांगून पाहिलं, मितालीने फोनवर रडून पाहिलं. मी? मी सांगितलं नाही असं नाही. पण मी सांगायचो ते असं, "अगं, लाइटच्या बटणाला काही नाही होत." म्हणजे बाकी जे झालं ते तुझ्यामुळेच, हे तसंच ठेवून! आणि भाजी करपली तरी 'फॉरमॅट' म्हणेना ती. निमूट खायची.

माझं काय? मी नवा पेन ड्राइव्ह आणला. हो, परत! परत तीच फुकटची सिस्टिम, परत निळं आकाश. मात्र या वेळी कडक बंदोबस्त. साबणाच्या डबीत कापूस घालून त्यात ठेवायचा, डबी कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या जानव्याला. 'देवघरापासून दूर ठेवणे' अशी चिठ्ठी चिकटवली डबीवर. बायकोलासुद्धा बघायची बंदी!

"बघून का होते हो त्याले?" वर्षा म्हणाली.

"नजरेचाही भरोसा नाही आता."

त्याला ना हळद लागली ना कुंकू. झेंडूचं फूल तर त्याने जन्मात पाहिलं नाही.

होळी झाली आणि तो गरम लागायला लागला.

मग निळं आकाश उशिरा उगवायला लागलं. मग, इथे लिहिता येत नाही. मी फुंकर मारली. आणि एका रविवारी सकाळी बटण दाबलं तर काळं, आणि वर पांढरी ओळ. अगदी तीच!

मी खुर्चीत बसून राहिलो. डबी समोर, आत पांढराशुभ्र कापूस. कोणावर ओरडावं ते सुचेना. घरभर नजर फिरवली हो मी! माणूस किती नालायक असतो पाहा, पहिल्यांदा कारण नाही शोधलं, माणूस शोधला. सापडला नाही तेव्हा मितालीला फोन लावला.

तिने तिकडे त्या सिस्टिमवाल्यांचं इंटरनेटवरचं पान उघडलं. मग म्हणाली, "बाबा, इथे स्पष्टच लिहिलंय. पेन ड्राइव्हवर सिस्टिम चालवायची ती तात्पुरती, बघण्यापुरती. कायमची चालवू नका. सिस्टिम मिनिटामिनिटाला त्याच्यावर काहीतरी लिहीत-खोडत असते, पेन ड्राइव्ह तेवढ्यासाठी बनलेला नसतो. तो झिजून जातो. महत्त्वाचं काही त्याच्यावर ठेवू नका."

"कुठे लिहिलंय हे?"

"सगळ्यात वर."

"बारीक अक्षरात असेल."

"मोठ्या अक्षरात. लाल रंगात. आणि खाली चौकट आहे, 'मी हे वाचलं आहे'. त्याच्यावर टिक केल्याशिवाय सिस्टिम उतरतच नाही. तुम्ही दोन्ही वेळा केली असेल."

दोन्ही वेळा केली होती. आणि मी दिवसभर हॉस्पिटलात खेड्यातल्या म्हाताऱ्यांना दरडावत असतो, "न वाचता अंगठा कायले लावता हो?"

"बाबा," मिताली म्हणाली, "म्हणजे आजीच्या कुंकवानं काहीच झालं नव्हतं."

"हं."

"आजीला सांगितलं?"

वर्षा मागे उभी राहून सारं ऐकत होती. तिने छताकडे बोट दाखवलं. आई गच्चीवर होती, मुगाच्या वड्या घालत.

जिना चढताना मी तीनदा वाक्य बदललं. 'आई, एक गंमत झाली' असं सुरू करावं, असंही एक मनात आलं होतं. गच्चीवर जुन्या साडीवर आई ओळीत वड्या घालत बसली होती. मी शेजारी उकिडवा बसलो आणि भसकन सांगून टाकलं. दुसराही गेला. तसाच गेला. त्याला कुंकू लागलं नव्हतं. पहिलाही कुंकवानं गेला नव्हता. मी वापरत होतो त्यानं गेला, रोज तापवून तापवून. आणि कॅसेटी मी दिल्या नसत्या, तर काहीच गेलं नसतं.

आईचा हात थांबला नाही. एक वडी, दुसरी वडी. मग तिने विचारलं, "मंग मी नाही नं मारलं त्यायले?"

"नाही वं आई. मी."

तिने पिठाचा हात साडीच्या काठाला पुसला, गुडघ्यावर जोर देऊन उठली आणि जिना उतरायला लागली. मला वाटलं, आता बॅग भरून मामाकडे जाते ही! मी मागे मागे. खोलीत जाऊन आई भिंतीपाशी उभी राहिली आणि बोटाने खटकन पंख्याचं बटण दाबलं. मग लाइटचं. भर दिवसा! मग टीव्हीचं. घरात जेवढी बटणं होती तेवढी एकेक करून दाबत गेली, आणि मी आणि वर्षा दारात उभे राहून पाहत होतो. वर्षाने पदर डोळ्यांना लावला. माझ्याकडे पदर नव्हता, मी तसाच उभा राहिलो.

मग आई पंख्याखाली खुर्चीत बसली. टेबलाशी, तिच्या जुन्या जागेवर.

"तुले येते काय त्यायच्यासारखं?" ती म्हणाली.

"काय?"

"बोलता. म्हण नं एकदा. तुले तं पाठ असंन."

पाठ होतंच. पण म्हणायचं कसं? मी वर्षाकडे पाहिलं. तिने स्वयंपाकघरातून लाटणं आणून माझ्या हातात दिलं. मी लाटणं तोंडाशी धरलं आणि पन्नाशीतला, चष्मा लावलेला, रेकॉर्ड विभागाचा मुख्य, घरात उभा राहून ओरडायला लागलो, "और ये उठाके मारा... बॉल चालला तलावाकडे..." आवाज चिरकला. शेजारच्या खिडकीत काकू आल्या. म्हैस मी फार लवकर आणली. आई हसली नाही. कपाळाला आठ्या घालून, परीक्षा घेतल्यासारखी ऐकत होती. मी तसाच रेटत रेटत ढालीपर्यंत आलो.

"...यांच्या हस्ते..."

आणि मला पुढे जाता येईना. पोराने आईचं नाव कसं घ्यायचं? आणि ज्याने घ्यायचं त्याला मी एका बादलीपायी घालवून बसलो! मी खोकलो. दणकून. परत खोकलो, घसा मोकळा होईना. मग कसंबसं, कोंबडीच्या आवाजात, "कुसुम" निघालं.

आई खुर्चीत नीट होऊन बसली होती. डोळे मिटलेले. मग तिने डोळे उघडले, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि म्हणाली,

"खोकला जमला तुले. अगदी त्यायचाच. बाकी फॉरमॅट मार."

तेव्हापासून संध्याकाळी चहा झाला की आई खुर्ची ओढते. "खोकल नं गा एकदा." मी खोकतो. ती थोडा वेळ तशीच बसते. बहुतेक पुढचं तिचं तीच ऐकते. मग "बस" म्हणते आणि कप उचलून आत जाते. अख्ख्या विदर्भाचे कागद सांभाळणाऱ्या माणसाकडे स्वतःच्या बापाचं एवढंच रेकॉर्ड शिल्लक आहे, आणि मिताली विचारते त्याप्रमाणे, त्याचीही दुसरी कॉपी नाही.

परवा मला खरोखरचा खोकला झाला. वर्षाने सिरपचं झाकण उघडलं, तशी आई देवघरातून ओरडली, "अवं, देऊ नको वं त्याले औषध! तेवढंच तं कामाचं राहिलं त्याच्यात!"